केतकीच्या बाल्कनीतलं तापमान

आमच्या घरात रात्र सकाळी नऊला सुरू व्हायची आणि दुपारी चारला संपायची. पप्पा एमआयडीसीतल्या एका केमिकल कंपनीत बॉयलरवर होते, कायम नाइट शिफ्टला. सकाळी आठच्या सुमारास ते घरी यायचे, मोरीत हातपाय धुवायचे आणि सरळ जेवायला बसायचे. बाकीची चाळ चहात बटर बुडवत असायची आणि आमच्याकडे भाकरी, सुकटीची चटणी, वरण-भात असं भरलेलं ताट असायचं. आईने ते पहाटे उठून रांधलेलं असे, कारण नऊनंतर आमच्या घरी गॅस पेटत नसे. तो आईचा कायदा होता. एकच खोली, वर पत्रा, खाली माणूस झोपलेला, आणि त्याच्या डोक्याशी गॅस पेटवायचा म्हणजे त्याला भाजूनच काढायचं, असं ती म्हणायची. त्यामुळे दुपारचा चहा म्हणजे काय असतो ते मला नोकरीला लागल्यावर ऑफिसात कळलं. पप्पांचं जेवण झालं की आई दाराचा पडदा ओढायची, खिडकीला जुनी चादर अडकवायची, आणि बाहेर लख्ख ऊन पडलेलं असताना आमच्याकडे निजानीज व्हायची.

आमची बैठी चाळ कोपरला होती. दहा खोल्यांची एक रांग, समोर तशीच दुसरी आणि मधे गटार. पत्र्याला स्वतःचा आवाज असतो हे स्लॅबखाली राहणाऱ्यांना माहीत नसतं. दहाच्या सुमारास ऊन चढलं की तो टण् करून फुगायचा आणि मग तासभर कुठे ना कुठे ठणठणत राहायचा. वरून कावळा चालला तर त्याची नखं मोजता यायची. आई कावळ्यांसाठी काठी घेऊन दारात बसायची. आम्ही दोघी खुणांनीच बोलायचो. भांडी पंचावर उपडी घालायची, बादली उचलायची पण सरकवायची नाही, कुकर लावायचाच झाला तर शेजारच्या काकूंच्या खोलीत न्यायचा. माझी शाळा सकाळची. साडेबाराला सुटून घरी आले की मी गल्लीच्या तोंडाशीच चपला काढून हातात घ्यायचे. जेवायचं ते गार, आणि काकडी खायची असेल तर उंबऱ्याबाहेर बसून, कारण काकडी चावताना वाजते. हे सगळं मला तेव्हा विचित्र वाटत नव्हतं. सगळ्यांच्याच घरी बाप दिवसा झोपत असेल असं मी बरीच वर्षं धरून चालले होते.

एवढं करून पप्पांना झोप लागायची का, तर नाही. थंडीचे दोन महिने बरे जायचे. होळीच्या आधीच पत्रा तापायला लागला की ते गादी गुंडाळून ठेवायचे आणि नुसत्या लादीवर आडवे व्हायचे, छातीवर ओला पंचा टाकून. पंचा वाळला की कूस बदलायचे, म्हणजे लादीचा दुसरा गार तुकडा मिळायचा. तोही तापला की तिसरा. दुपारी दोनपर्यंत ते सगळी खोली फिरून मोरीच्या कठड्यापर्यंत पोहोचलेले असायचे. पंखा वरची गरम हवा खाली ओतायचा, म्हणून कधी लावायचा, कधी बंद करायचा. आईने पत्र्यावर गोणपाटं अंथरली होती आणि दिवसातून दोनदा ती स्टुलावर चढून त्यांच्यावर पाणी मारायची. नळाला पाणी तासभर यायचं. त्यातलं अर्धं पिंप ती पत्र्यासाठी राखायची आणि चाळीत तिची चेष्टा व्हायची, की यांच्याकडे माणसांआधी पत्र्याची अंघोळ. ती ऐकून घ्यायची आणि पुन्हा स्टुलावर चढायची.

त्या वर्षी मी नववीत होते आणि पप्पांना कंपनीने पत्र दिलं होतं. पहाटे चारच्या सुमारास ते बॉयलरच्या पॅनेलसमोर बसल्या बसल्या पेंगले होते आणि साहेबाने त्यांना तसंच पकडलं होतं. बॉयलरवर झोपणं म्हणजे काय हे पप्पांना साहेबापेक्षा जास्त कळत होतं, त्यामुळे त्यांनी एका शब्दाने प्रतिवाद केला नाही. पण साहेब जे बोलला ते त्यांना लागलं होतं. दिवसभर घरी असता, मग झोपत का नाही, काय धंदे करता, असं त्याने चार जणांसमोर विचारलं होतं. पुन्हा पेंगताना दिसलात तर गेटच्या बाहेर, हेही सांगितलं होतं. त्या पत्राची घडी पप्पांनी डब्यात ठेवली आणि आमच्या घरातली शांतता आणखी कडक झाली. आता मी शिंक आली तरी गल्लीत जाऊन शिंकायचे.

याच सुमाराला आमच्या शाळेला पृथ्वीची काळजी वाटायला लागली.

झालं असं, की वरून कुठून तरी पत्र आलं, जागतिक तापमानवाढ हा विषय सगळ्या विषयांतून शिकवावा. मोठ्या बाईंनी, म्हणजे आमच्या मुख्याध्यापिकांनी, ते पत्र प्रार्थनेनंतर वाचून दाखवलं, आणि पुढचे पंधरा दिवस प्रत्येक तासाला पृथ्वी तापू लागली. इतिहासाच्या सरांनी औद्योगिक क्रांतीखाली दोन ओळी जास्त लिहून दिल्या. चित्रकलेत सगळ्या वर्गाने तोंडात थर्मामीटर आणि डोक्यावर बर्फाची पिशवी घेतलेली पृथ्वी काढली, पन्नास पोरांनी पन्नास वेळा तीच. हिंदीत घोषणा लिहिल्या. पीटीच्या सरांनी त्या घोषणांची फेरी काढली, ती सकाळी अकराला, टळटळीत उन्हात, टोप्या न घालता, कारण टोपीने युनिफॉर्मची शोभा जाते. आठवीतली एक मुलगी चक्कर येऊन पडली. तिला रिक्षात घालून पाठवलं आणि फेरी पुढे निघाली. मी तेव्हा हसले होते. आज आठवलं की तळपायाची आग मस्तकात जाते.

मराठीला निबंध होता, पृथ्वीचं मनोगत. आमच्या शाळेत ज्याला तोंड नाही त्याचं मनोगत लिहायची पद्धत होती. फाटक्या छत्रीचं, पडक्या किल्ल्याचं, आणि आता पृथ्वीचं. मी पृथ्वीच्या तोंडून आमच्या पत्र्याबद्दल लिहिलं, पप्पा लादीवर कसे सरकत जातात ते लिहिलं. बाईंनी लाल पेनाने 'विषयांतर' असं लिहून दहापैकी चार दिले. विज्ञानाच्या तासाला उन्हात उभ्या केलेल्या बंद गाडीचं उदाहरण निघालं, आत आलेली उष्णता बाहेर जात नाही वगैरे. मला इतकं पटलं की मी हात वर केला आणि म्हटलं, बाई, आमच्या घरात असंच होतं. वर्ग हसला. बाई हसल्या नाहीत, त्या समजुतीने म्हणाल्या, "सुजाता, आपण पृथ्वीबद्दल बोलतोय. घराबद्दल नाही."

हे वाक्य मी आजवर अनेकांच्या तोंडून ऐकलं आहे, वेगवेगळ्या शब्दांत. परिसंवादात, टीव्हीवरच्या चर्चेत, आमच्या माजिवड्याच्या सोसायटीच्या गच्चीवर झाडं लावताना. पृथ्वी ही कुठेतरी लांब असते, तिथे बर्फ वितळतो आणि अस्वलं बिचारी तरंगतात. कोपरची बैठी चाळ तिच्यावर नसतेच. मला अस्वलांचं वाईट वाटत नाही असं नाही. पण त्या पंधरा दिवसांत आमच्या वर्गाच्या भिंतीवर सात अस्वलं लागली आणि एक पत्रा लागला नाही, याचा राग मला अजून आहे आणि तो जावा असं मला वाटतही नाही.

गणिताला देसाई सर होते. मला ते फार आवडायचे. फळ्यावर वर्तुळ कंपासशिवाय काढायचे, कुणाला मारायचे नाहीत, आणि माझी वही वर्गाला दाखवायचे. त्यांनी म्हटलं, नुसत्या घोषणा काय देता, मोजा. शाळेने थर्मामीटर आणले, काचेचे, लाल रेघेचे, पुठ्ठ्यावर बसवलेले. प्रत्येक मुलाने आठवडाभर दुपारी तीन वाजता आपल्या घरातलं तापमान घ्यायचं, मग त्याचा तक्ता, आलेख, सरासरी. त्याच्या पुढच्या शनिवारी प्रदर्शन, पालकांना आमंत्रण. मला ते इतकं आवडलं की मी थर्मामीटर दप्तरात न ठेवता हातात धरून घरी आणला.

सोमवारी तीनला मी तो कॅलेंडरच्या खिळ्याला अडकवला. पप्पा खाली लादीवर, मी स्टुलावर. पाच मिनिटं थांबायचं होतं. लाल रेघ चढत गेली आणि बेचाळीसवर थांबली. मला वाटलं चुकलं. मी थर्मामीटर झटकला, पुन्हा अडकवला, पुन्हा बेचाळीस. खालून पप्पांनी डोळे न उघडता विचारलं, "किती?" मी कुजबुजत सांगितलं. ते उठून बसले. दुपारी तीन वाजता पप्पांना असं ताडकन उठून बसलेलं मी कधी पाहिलं नव्हतं. त्यांनी स्वतः स्टुलावर चढून रेघ पाहिली, मग आईला हाक मारून दाखवली. आई म्हणाली, त्यात काय बघायचं, मला पाणी मारताना हाताला कळतं. पण पप्पांच्या चेहऱ्यावर काहीतरी वेगळंच होतं. साहेबाने विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर त्यांच्या हातात आलं होतं, आकड्यात. बेचाळीस अंशांत कुठला माणूस झोपतो?

आठवडाभर मी रोज तीनला मोजलं. एक्केचाळीस, बेचाळीस, बेचाळीस, एकदा त्रेचाळीसला टेकलं. पप्पा रोज वाट पाहायचे. शुक्रवारी संध्याकाळी त्यांनी मला वहीचा कागद फाडायला सांगितला आणि अर्ज लिहून घेतला. दिवसपाळी मिळावी, असा. कारण त्यांनीच सांगितलं आणि मी माझ्या चांगल्या अक्षरात उतरवलं, की माझे घर पत्र्याचे असून दुपारी घरात बेचाळीस अंश तापमान असते, त्यामुळे झोप होत नाही. सदर तापमान माझ्या मुलीच्या शाळेने मोजले असून शाळेचा तक्ता पुरावा म्हणून सादर करीन. 'सदर' हा शब्द मी घातला. पप्पांनी तो दोनदा वाचला आणि विचारलं, "तक्त्यावर शाळेचं नाव असेल ना गं? आणि बाईंची सही?" मी म्हटलं, असणारच. त्या दिवशी साहेबाला द्यायचा अर्ज खिशात घालून ते शीळ घालत कामाला गेले.

सोमवारी देसाई सरांनी सगळ्यांचे आकडे फळ्यावर मांडले. तेहतीस, चौतीस, पस्तीस, चौतीस. माझ्या नावापुढे बेचाळीस. सर थांबले. वर्ग खदखदायला लागला, मागून कुणीतरी म्हणालं, अरे ही तंदूरमध्ये राहते काय. सरांनी त्याला गप्प केलं, मला जवळ बोलावलं आणि हळू आवाजात सांगितलं, की हे असं येऊच शकत नाही, मोजताना चूक झाली. थर्मामीटर कुठे लावला होतास? कॅलेंडरच्या खिळ्याला. वर काय आहे? पत्रा. मग बरोबर, ते म्हणाले, तू पत्र्याचं तापमान घेतलंस. पुस्तकातला नियम काय सांगतो? तापमापक सावलीत, हवेशीर जागी ठेवावा.

मी सांगायला हवं होतं, की सर, आमच्याकडे सावली आहे ती त्याच पत्र्याची. हवेशीर जागा आमच्या घरात नाही. असती तर तिथे माझा बाप झोपला असता. हे वाक्य मला पुढे वीसेक वर्षांनी सुचलं, भाजी निवडताना, आणि मी भाजी तशीच टाकून उठले. त्या दिवशी मी नुसती मान हलवली. सर प्रेमळच होते. एका आकड्यामुळे सगळ्या वर्गाची सरासरी वर जाते, ते म्हणाले, बरं दिसत नाही, पालक येणार आहेत. मग त्यांनीच तोड काढली. "तू असं कर, केतकीच्या घरी घे. तुमचा एरिया एकच आहे ना? हवा तीच, तापमान तेच." आणि फळ्यावरचा माझा आकडा डस्टरने पुसून टाकला.

केतकी माझ्याच बाकावर बसायची. तिचं घर आमच्या चाळीपासून तीन मिनिटांवर, दुसऱ्या मजल्यावर, आणि तिच्या बाल्कनीसमोर बदामाचं झाड होतं. मी आठवडाभर दुपारी अभ्यासाच्या नावाखाली तिच्याकडे गेले. तिची आई आम्हाला कोकम सरबत द्यायची. थर्मामीटर बाल्कनीत कुंड्यांच्या मधे टांगलेला असायचा आणि लाल रेघ शहाण्यासारखी चौतीसवर उभी राहायची. घरी आई-पप्पांना मी म्हटलं, मोजायचं काम झालं. आणखी खोटं बोलायला लागलं नाही, कारण पुढे कुणी काही विचारलंच नाही. हे सगळं सरांनी सांगितलं म्हणून केलं, असं मी पुष्कळ वर्षं स्वतःला बजावत आले. ते अर्धं खरं आहे. उरलेलं अर्धं असं, की तंदूर हा शब्द मला पुन्हा ऐकायचा नव्हता. चौतीस हा आकडा सगळ्यांसारखा होता आणि मला सगळ्यांसारखं व्हायचं होतं. पप्पांच्या अर्जात बेचाळीस लिहिलंय हे मला आठवत नव्हतं असं नाही. मी ते आठवू दिलं नाही. देसाई सरांवर रागावताना मी हे विसरत नाही, आणि म्हणून तो राग कधी नीट सुखाचा होत नाही.

शनिवारी प्रदर्शन होतं. हॉलमध्ये दोरीला अस्वलं आणि तापलेल्या पृथ्व्या लटकत होत्या, आणि मधोमध आमच्या वर्गाचा तक्ता, कार्डशीटवर, स्केचपेनने आखलेला. वर शाळेचं नाव, खाली मोठ्या बाईंची सही. पप्पा येतील असं मला वाटलंच नव्हतं, कारण ती त्यांच्या झोपेची वेळ. ते शिफ्ट सुटल्यावर घरी न जाता सरळ आले. कंपनीच्या नळावर केस ओले करून विंचरलेले, हातात डब्याची पिशवी, डोळे लाल. बाकीचे पालक चित्रं बघत सावकाश फिरत होते. पप्पा थेट तक्त्यापाशी गेले आणि बोट लावून नावं खाली खाली वाचत आले. माझ्या नावावर बोट थांबलं, मग आडवं सरकलं. चौतीस, तेहतीस, चौतीस, पस्तीस, चौतीस. त्यांनी पुन्हा नावाकडे जाऊन ओळ चुकली नाही ना ते पाहिलं.

देसाई सर तिथेच उभे होते. माझे वडील म्हटल्यावर त्यांना आनंद झाला. त्यांनी सांगितलं, की मुलगी हुशार आहे, आधी तिचं माप चुकत होतं, पत्र्याजवळ लावायची, मग मी तिच्याकडून दुरुस्त करून घेतलं. केतकीच्या घराचं नाव त्यांनी काढलं नाही. लपवायचं म्हणून नव्हे. त्यांच्या लेखी ती सांगण्यासारखी गोष्टच नव्हती.

"म्हणजे हे बरोबर आहे, सर?" पप्पांनी विचारलं.

"हे शास्त्रीय आहे," सर म्हणाले.

पप्पांनी तक्त्यावरचं बोट काढून घेतलं. मग माझ्याकडे न बघता, स्वतःशीच बोलावं तसं म्हणाले, "चौतीस. मग मला झोप का लागत नाही?" सरांना वाटलं हा काहीतरी विनोद आहे. ते हसले. पप्पांनी त्यांना हात जोडून नमस्कार केला आणि आम्ही निघालो. मी त्यांच्या मागून चालत होते. सांगायला रस्ता होता, वेळ होता, आजूबाजूला कुणी नव्हतं. मी त्यांच्या टाचांकडे बघत चालत राहिले.

घरी आल्यावर पप्पा जेवले नाहीत. आई गोणपाटांवर पाणी मारायला स्टुलावर चढायला लागली तर म्हणाले, राहू दे, कशाला पाणी घालवतेस, शाळेने मोजलंय, घरात चौतीसच असतं. आईने विचारलं, मग हा घाम कसला? पप्पा म्हणाले, "माझंच काहीतरी बिघडलं असंल. बाकी लोकं झोपतातच ना चौतीसमध्ये." आणि त्यांनी गुंडाळून ठेवलेली गादी उलगडली, तिच्यावर उताणे पडले आणि डोळे मिटले. त्या दिवशी ते एकदाही सरकले नाहीत. मी माळ्याच्या शिडीला टेकून बसले होते. पत्रा ठणठणत होता, वरची गोणपाटं वाळून कडक झाली होती, आणि पप्पांच्या कानामागून घामाची धार गादीत उतरत होती. ते हट्टाने पडून होते. शाळेने खरं सांगितलंय आणि आपलं अंग खोटं बोलतंय, असं मानून ते अंगाला शिक्षा करत होते. आई मला खुणेने विचारत होती, काय झालंय यांना. मी खांदे उडवले. चार वाजता ते उठले तेव्हा गादीवर त्यांच्या पाठीचा ओला आकार होता. आईने विचारलं झोप लागली का, तर म्हणाले, लागली की.

आजही बातम्यांत शहराचं कमाल तापमान सांगतात तेव्हा मी टीव्हीशी भांडते. छत्तीस म्हणे. कुणाचं छत्तीस? कुठल्या झाडाखालचं? माझा नवरा म्हणतो, अगं ती नुसती बातमी आहे. त्याचं बरोबर आहे, आणि मला एसीत बसून हे बोलण्याचा किती अधिकार आहे तेही मला ठाऊक आहे. पण ज्यांनी मोजलं त्यांना कुणी विचारत नाही की तुम्ही उभे कुठे होता. माझ्या पोरीच्या शाळेत आता हा विषय पडद्यावर शिकवतात, रंगीत नकाशे, हलणारे बाण. फार सुंदर असतं. मी पालकसभेला गेले की शेवटच्या रांगेत बसते आणि तोंड उघडत नाही, कारण उघडलं तर बंद होणार नाही.

त्या रात्री पप्पा कामाला गेले आणि मी आईला सगळं सांगितलं. बेचाळीस, डस्टर, बदामाचं झाड, कोकम सरबत. मला वाटलं ती मारेल. ती म्हणाली, सकाळी आल्या आल्या त्यांना सांग, जेवायच्या आधी सांग. मग तिने स्टूल घेतलं, बाहेर गेली आणि उद्याचं राखलेलं पाणी गोणपाटांवर ओतून आली.

रविवारी सकाळी आठला पप्पा आले. मी दारातच उभी होते. पिशवी त्यांच्या हातातच होती, पायातले बूट काढायचे होते. मी एका दमात सांगितलं, की तक्त्यावरचा आकडा आपल्या घराचा नाही, तो केतकीच्या बाल्कनीतला आहे, सरांनी तिथे घ्यायला सांगितला, आणि आपल्या घरात बेचाळीसच आहे, रोज बेचाळीस होतं. सांगताना मी रडत नव्हते. मला वाटत होतं की आता ते चिडतील, माझ्यावर, सरांवर, शाळेवर, आणि मग तक्ता बदलून घेता येईल, अर्जाबरोबर खरा आकडा लावता येईल. सोमवारी मी स्वतः देसाई सरांपुढे उभी राहीन असंही मी ठरवलं होतं.

पप्पा उंबऱ्यावर बसले. त्यांनी एका बुटाची नाडी सोडली, दुसऱ्याची सोडायला वाकले आणि तसेच थांबले. मग त्यांनी सांगितलं, की काल रात्री शिफ्टवर चढायच्या आधी ते साहेबाच्या केबिनमध्ये जाऊन आले होते. अर्ज परत मागितला होता. त्यात चुकीचं लिहिलं गेलं, घरात तेवढं तापमान नाही, शाळेचा तक्ता बघून आलो, असं सांगितलं होतं. साहेब इतरांसमोरच म्हणाला होता, बघा, मी म्हटलंच होतं, झोपायचं सोडून कारणं शोधत बसतात. पप्पांनी मान खाली घालून त्याची माफी मागितली होती, आणि साहेबाने अर्ज त्यांच्यादेखत फाडला होता.

आई आतून ताट घेऊन आली होती, ती ताट हातात धरून तशीच उभी राहिली. पप्पांनी दुसरा बूट काढला, दोन्ही बूट नीट जोडून भिंतीला लावले आणि माझ्याकडे वर बघून विचारलं, "मग मी माफी कशाची मागून आलो गं?"

त्यांच्या आवाजात राग अजिबात नव्हता. तो सगळा माझ्याकडे राहिला.